दहा वर्षांपूर्वीच्या कर्जाचा फोन आणि कोर्टातली फुकट वकिलाची सोय, माझा पूर्ण अनुभव

हा रिव्ह्यू आमच्या तालुक्याच्या कोर्टात जी विधी सेवा समिती असते तिचा आहे, म्हणजे ते सरकारी खर्चाने वकील देतात ना, त्यांचा. पण आधी वसुलीवाल्यांचं सांगावं लागेल कारण त्यांच्यामुळेच मी तिथपर्यंत गेले, नाहीतर शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हेच लहानपणापासून ऐकलेलं. लांब झालंय लिखाण, पण ज्यांच्या घरी असे फोन येऊन राहिलेत त्यांनी पूर्ण वाचा.

मी जळगाव जिल्ह्यातली, घरीच शिलाई आणि पिको-फॉलचं काम करते. २०१४ च्या डिसेंबरमध्ये मशीनसाठी एका फायनान्स कंपनीकडून ४० हजार घेतले होते, २४ हप्ते, महिन्याला २१०० रुपये. जानेवारी २०१५ पासून सप्टेंबर २०१६ पर्यंत एक हप्ता चुकला नाही, २१ भरले. ऑक्टोबरमध्ये आमच्या मिस्टरांचा ॲक्सिडेंट झाला, होतं नव्हतं ते दवाखान्यात गेलं, आणि त्यातून उठत नाही तर ८ नोव्हेंबरला नोटबंदी. लग्नसराईचे ब्लाऊज शिवून तयार, हॅंगरला लटकलेले, पण न्यायला कोणी येईना कारण कोणाकडे चालणारी नोटच नाही. तीन हप्ते राहिले, ६३०० रुपये. वसुलीचा पोरगा यायचा तो बंद झाला, मी दोनदा त्यांच्या ऑफिसला गेले तर पहिल्यांदा कुलूप आणि दुसऱ्यांदा तिथे मोबाईलचं दुकान. नंतर कोणी विचारलं नाही, पत्र नाही फोन नाही, आणि खरं सांगते संसाराच्या रगाड्यात माझ्याही डोक्यातून गेलं.

२०२५ ची संक्रांत झाली आणि फोन सुरू झाले. पहिला फोन मला पक्का लक्षात आहे, रात्रीचे पावणेआठ, तव्यावर कळण्याची भाकरी. म्हणे तुमचं खातं आम्ही विकत घेतलंय, ३८ हजार ७४० रुपये निघतात, उद्या ११ वाजेपर्यंत भरले नाही तर पोलीस केस होईल. ६३०० चे ३८ हजार ७४०! मी म्हटलं हिशोब पाठवा, तर म्हणे हिशोब कोर्टात बघा. मग रोज चार-पाच फोन, वेगवेगळ्या नंबरवरून, सकाळी सात वाजता पण, रात्री नऊ वाजता पण. शेजारच्या काकूंना फोन गेला कारण २०१४ च्या फॉर्मवर मी त्यांचा नंबर दिला होता. सासूबाई घाबरून गेल्या, "काय जायं वं? पोलीस घर उनात ते काय करशी? दी टाक ना पैसा" असं म्हणून रडायलाच लागल्या. त्यांच्या काळात जप्ती म्हणजे घरातली भांडी चौकात, तीच भीती बसलेली.

आठव्या की नवव्या दिवशी तो पोरगा एकदम गोड बोलायला लागला. मॅडम, तुमची परिस्थिती समजतो, आता फक्त ५०० रुपये टोकन टाका आणि एक लिंक पाठवतो त्यावर ओटीपी द्या, केस थांबवतो, बाकीचं सहा हप्त्यात. मला तेव्हा खरंच वाटलं की सुटलो एकदाचे. ओटीपी आला पण होता मोबाईलवर. माझी मुलगी बारावीला आहे, ती म्हणे आई आधी वाच तरी काय लिहिलंय. लिंकमध्ये चार पानं इंग्रजी, पाचव्या पानावर मराठी, त्यात लिहिलेलं, "मी सदर रक्कम रु. ३८,७४० मान्य करते व ती सहा समान हप्त्यांत भरण्याचे वचन देते." तेवढं वाचून मी थांबले. का थांबले ते तेव्हा सांगता आलं नसतं, पण न घेतलेल्या पैशाला मान्य करते असं कसं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी कोर्टासमोर स्टॅम्प पेपर विकणाऱ्यांच्या मिसेस साडीला फॉल लावायला आल्या, त्यांनी सांगितलं की कोर्टातच विधी सेवा समिती आहे, बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला पण मागत नाहीत. मला खोटं वाटलं. पण खरं आहे, १९८७ चा कायदा आहे विधी सेवा प्राधिकरणाचा, त्यात बाई, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, कारखान्यातला कामगार यांना कमाई न बघता वकील मिळतो आणि बाकीच्यांना आपल्या महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखाच्या आत असेल तर. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर.

आता सर्व्हिसबद्दल. ऑफिस शोधायलाच अर्धा तास गेला, बोर्ड लहान आणि जिन्याच्या मागे, तीन जणांना विचारलं तेव्हा सापडलं. पहिल्या दिवशी क्लार्क जेवायला गेलेले, बसून राहिले, मग एक साधा अर्ज आणि आधारची झेरॉक्स घेतली आणि म्हणे परवा या. परवा गेले तर वकील मॅडम दुसऱ्या कोर्टात केस चालवत होत्या, साडेतीनला भेटल्या. म्हणजे दोन दिवसांचं काम बुडालं, ते धरून चला. पण त्यानंतर त्या मॅडमनी मला जो पाऊण तास दिला तो मी विसरणार नाही. एक रुपया मागितला नाही, चहा पण त्यांनीच पाजला.

मी हप्त्याचं कार्ड नेलं होतं. ते पिवळं जाड कार्ड, मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डब्याखाली इतकी वर्षं पडलेलं, मशीनच्या तेलाचा डाग पडून एक कोपरा पारदर्शक झालेला, पण २१ सह्या आणि तारखा स्वच्छ दिसतात. मॅडमनी चष्मा वर करून ते कार्ड खिडकीकडे धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, किती पैसे राहिले हा नाही, तर शेवटचा, म्हणजे २४ वा हप्ता किती तारखेचा होता. डिसेंबर २०१६. त्या बोटावर मोजायला लागल्या, सतरा, अठरा, एकोणीस, आणि म्हणाल्या, "डिसेंबर २०१९ ला मुदत संपली ताई, कोरोनाच्या आधीच."

कोरोनाचं का म्हणाल्या ते मला कळेना. तर १९६३ चा लिमिटेशन ॲक्ट आहे, मुदतीचा कायदा, त्यात असं साधं दिलेल्या पैशाचं कर्ज असेल तर पैसे थकल्यापासून तीन वर्षांच्या आत देणाऱ्याने कोर्टात दावा लावायचा, हप्ते असतील तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं त्याच्या त्याच्या तारखेपासून. पण कोरोनात कोर्टं बंद होती म्हणून सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजायचाच नाही असं सांगितलं, त्यामुळे ज्यांची मुदत त्या काळात चालू होती त्यांचा हिशोब पुढे सरकतो. माझी त्याच्या आधीच संपलेली. हे नीट बघा, कारण २०१८ साली हप्ता थकला म्हणून २०२१ ला संपलं असं घरी बसून मोजलं तर चुकाल.

आणि मुदत गेल्यावर दावा लावला तर समोरच्याने तोंड उघडलं नाही तरी कोर्टाने स्वतः तारीख बघून तो फेटाळायचा असतो, हे त्या कायद्याच्या तिसऱ्याच कलमात आहे. तरी मॅडमनी बजावून सांगितलं की खरं समन्स आलं तर घरी बसायचं नाही, जायचं आणि मुदतीचा मुद्दा लेखी मांडायचा, कारण गैरहजर राहिलं तर निकाल एकतर्फी लागू शकतो आणि एकदा डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा झाला की तो १२ वर्षं बजावता येतो. म्हणून त्यांनी तिथल्या तिथे ई-कोर्टच्या साइटवर माझं नाव टाकून बघितलं की आधीच काही निकाल करून ठेवलेला नाही ना. नव्हता. तेवढा एक मिनिट माझा श्वास अडकला होता.

मी विचारलं, मग कर्ज माफ झालं का? तर नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून त्यांचेच शब्द लिहिते: "कर्ज मेलेलं नसतं ताई, त्याचा कोर्टात जायचा रस्ता बंद झालेला असतो. तो रस्ता परत उघडायची किल्ली तुमच्याकडे असते, म्हणून तर ते तुमच्या मागे लागलेत." किल्ली म्हणजे सही. १८७२ च्या करार कायद्यात कलम २५ आहे, त्यात म्हटलंय की मुदत गेलेलं कर्ज मी भरीन असं माणसाने लिहून सही करून दिलं तर तो नवा करार होतो. म्हणजे पुन्हा तीन वर्षं. त्या लिंकमधल्या पाचव्या पानावर "वचन देते" हे दोन शब्द का होते ते मला तेव्हा कळलं. ओटीपी देऊन केलेली सही पण सही म्हणूनच पुढे करतात. आणि मुदत चालू असताना, म्हणजे तीन वर्षं संपायच्या आत, बाकी आहे असं लेखी कबूल करून सही दिली किंवा थोडे पैसे भरले आणि त्याची आपल्या सहीची किंवा अक्षरातली नोंद असली तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजतात. म्हणून तारीख माहीत नसताना टोकन पण नाही द्यायचं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर शिरपूरचे माझे मामा आले. त्यांचं २०११ चं मोटारसायकलचं कर्ज, २०२२ मध्ये दोन जण घरी येऊन बसले, ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर, आणि मामांनी अब्रूला भिऊन शंभराच्या स्टॅम्पवर उरलेली रक्कम सहा हप्त्यात भरतो असं लिहून दिलं. कापसाला भाव मिळाला नाही, दोन हप्ते भरले, पुढचे नाही भरता आले, आता त्याच कागदावर दावा लागलाय. ११ वर्षांपूर्वीचं कर्ज त्या एका सहीने उठून बसलं. मामांनी वाचलं नव्हतं असं नाही, वाचलं होतं, पण त्यांना कोणी सांगितलंच नाही की सही करायची सक्ती नव्हती.

वसुलीवाल्यांनी काय काय चुकीचं केलं ते पण मॅडमनी दाखवलं. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला सर्क्युलर काढलंय, वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी नाही, नाव न सांगता फोन नाही, घरचे, मित्र, फॉर्मवर नाव दिलेले लोक यांना त्रास द्यायचा नाही, आणि एजंट कोणीही असला तरी जबाबदारी बँकेची किंवा फायनान्स कंपनीची. म्हणजे पावणेआठचा तो पहिला फोनच नियमाबाहेरचा होता आणि शेजारच्या काकूंना लावलेला तर सरळ सरळ. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत, हे मी घरी जाऊन सासूबाईंना तीनदा सांगितलं तेव्हा त्या जेवल्या. चेक बाउन्सचं मात्र वेगळं, तो फौजदारी कायदा आहे, त्यामुळे कोणाचे कोरे चेक कंपनीकडे पडले असतील तर त्यांनी ते आधी वकिलाला सांगावं. आणि खातं दुसऱ्या कंपनीला विकलं म्हणून मुदत परत पहिल्यापासून सुरू होत नाही, जेवढा हक्क पहिल्याचा तेवढाच दुसऱ्याला मिळतो.

मग पत्र लिहायचं ठरलं. मी घरून कच्चं लिहून नेलं होतं, त्यात लिहिलेलं की माझे ६३०० बाकी आहेत हे मला मान्य आहे आणि मी ते भरायला तयार आहे. मॅडमनी लाल पेनने ती अख्खी ओळ खोडली. मला वाईट वाटलं, मी म्हटलं मॅडम मला बुडवायचं नाहीये, पैसे घेतले होते मी, ते मशीन अजून चालू आहे, त्यावरच घर चालतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, द्यायचे तर जरूर द्या, कायदा अडवत नाही, पण आधी त्यांच्याकडून लेखी घ्या की ६३०० मध्ये खातं पूर्ण बंद आणि नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला देतो, मग पैसे. तुमच्या बाजूने भरीन असं आधी लिहून गेलं की ते ६३०० वर थांबणार नाहीत. मला पटलं.

शेवटी पत्रात गेलं ते एवढंच, की ही मागणी मुदतबाह्य आहे, मागणीचा हिशोब आणि खातं विकल्याचा कागद द्या, वसुली एजन्सीचं नाव आणि अधिकारपत्र द्या, यापुढे जे काय ते लेखी, आणि अमुक तारखांना अमुक वाजता फोन आले. कॉलची यादी मुलीने स्क्रीनशॉटवरून काढली, ४३ फोन निघाले. रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि ईमेल पण केला. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँक-फायनान्सच्या तक्रारी ऐकतात त्यांच्याकडे जायचं, तक्रार टाकायला त्यांचं सीएमएस नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे, फी नाही, १४४४८ वर फोन करून विचारता येतं. सरळ लोकपालाकडे गेलं तर तक्रार परत येते, आधी कंपनीला लिहावंच लागतं, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते.

मधेच व्हॉट्सॲपवर लोकअदालतीची नोटीस आली. मी परत पळत गेले. मॅडम म्हणाल्या, लोकअदालत चांगली गोष्ट आहे, खूप लोकांची भांडणं तिथे मिटतात, पण तिथे जबरदस्ती नसते, तुम्ही हो म्हटल्याशिवाय काही ठरत नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की तिथे तडजोडीवर सही केली की तिला कोर्टाच्या डिक्रीची किंमत येते आणि वर अपील नाही. मुदत गेलेल्या कर्जात तिथे सही करायची तर आकडा बघून, विचार करून.

स्टार द्यायचे तर विधी सेवेला ५ पैकी साडेचार. अर्धा त्या जिन्यामागच्या बोर्डासाठी आणि दोन खेपांसाठी कापला, कारण मजुरीवर जाणाऱ्या बाईला दोन दिवस मोडणं परवडत नाही, निदान फोनवर वेळ ठरवून मिळाली पाहिजे. वसुलीवाल्यांना शून्य.

काही गोष्टी ज्या माझ्या केसमध्ये नव्हत्या पण मी तिथे बसलेली असताना ऐकल्या त्या सांगून ठेवते. घर किंवा जमीन गहाण ठेवून घेतलेलं कर्ज असेल तर मुदत तीन नाही, १२ वर्षं. आणि पतसंस्था किंवा सोसायटीचं कर्ज असेल, आपल्या खानदेशात तर घरटी कोणाचं ना कोणाचं असतंच, तर हे तीन वर्षांचं गणित तिथे लावूच नका, सहकार कायद्याचं कलम ९२ वेगळं आहे, सभासदाकडच्या वसुलीची मुदत तो मेल्यापासून किंवा सभासदत्व सुटल्यापासून मोजतात, आणि कलम १०१ चा वसुली दाखला हा वेगळाच प्रकार. माझ्या शेजारी एक काका बसले होते, मेलेल्या वडिलांच्या कर्जासाठी त्यांना फोन येत होते, त्यांना सांगितलं की वडिलांकडून जेवढी इस्टेट आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी, तुमच्या स्वतःच्या पगाराला हात नाही. आणि एकाच कंपनीची दोन कर्जं असतील, एक जुनं एक चालू, तर पैसे भरताना कोणत्या कर्जाचे ते लिहून भरा, नाही लिहिलं तर करार कायद्याप्रमाणे ते मुदत गेलेल्या कर्जात पण जमा करू शकतात आणि तुमचा चालू हप्ता थकलेला दिसतो.

माझं पुढे काय झालं, तर २४ व्या दिवशी ईमेल आला, चार ओळी, की खात्यावरची वसुली थांबवण्यात येत आहे. हिशोब दिला नाही, ६३०० बद्दल अक्षर नाही, पण फोन बंद झाले. नंतर मी वर्षातून एकदा फुकट मिळतो तो क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद काढली, ती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना (ब्युरो म्हणतात त्यांना) तो रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात हे कर्ज राइट ऑफ दाखवतंय. राइट ऑफ म्हणजे माफ नव्हे, त्यांनी त्यांच्या वहीत तोटा धरला एवढंच. पण थकल्याची तारीख २०२३ ची टाकलेली, जेव्हा माझ्या कार्डावर सगळं २०१६ चं आहे. त्या तारखेवर तक्रार टाकलीये, कार्डचा फोटो जोडून. ३० दिवसांत दुरुस्त केलं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आज २६ वा दिवस.

मंगळवारी सकाळच्या एसटीने शिरपूरला जातेय. मामांचं समन्स येऊन ११ दिवस झालेत, लेखी जबाब ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि कापसावर वर्षाला तीन लाख काही त्यांना सुटत नाहीत म्हणजे वकील तिथल्या विधी सेवेतून मिळेल. त्या स्टॅम्पची झेरॉक्स, भरलेल्या दोन हप्त्यांच्या पावत्या, त्या दिवशी ओट्यावर कोण कोण हजर होतं त्यांची नावं, सगळं एका पिशवीत घालून ठेवायला सांगितलंय. जेवणाच्या सुट्टीच्या आत पोचायचंय.